रात्रपाळीचं काय? रुग्णसुरक्षा प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी

प्रकल्पाचं पत्र आज हाती आलं. हद्द ठरली ती अशी: मेजर ओटी (मोठ्या शस्त्रक्रियांचं थिएटर), आयसीयू आणि दोन मेडिकल वॉर्ड. अख्खं हॉस्पिटल एकदम घ्यायचं नाही यावर मी अडून बसले होते, ते मान्य झालं. पत्रात उद्दिष्ट मात्र ‘शून्य चुका’ असं छापलेलं. ते बदलून घेतलं. वरून असं उद्दिष्ट आलं की चुका होतात तेवढ्याच होतात, त्यांच्या नोंदी तेवढ्या शून्यावर येतात. नवीन मजकूर: चूक रुग्णापर्यंत पोचायच्या आत पकडली जावी, आणि ती पकडण्याची सवय प्रकल्प गुंडाळल्यावरही चालू राहावी. यातला दुसरा भाग जड जाणार.

आधीच्या मोहिमांच्या फाइली चाळल्या. पोस्टर, शपथ, प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर भरगच्च सह्या. सगळं दिवसपाळीत झालेलं. रात्री वॉर्डात दोनच सिस्टर असतात तेव्हा त्यातलं काय उरतं, हे कुणी जाऊन पाहिल्याचं फाइलीत कुठेही दिसलं नाही.

१४ जानेवारी

ओटीच्या मागच्या तिमाहीतल्या सर्जिकल चेकलिस्ट (प्रत्येक शस्त्रक्रियेला तपासायच्या याद्या) काढून घेतल्या. प्रत्येक चौकटीत टिक, प्रत्येक कागदावर तिन्ही सह्या. इतका स्वच्छ कागद बघितला की मला शंकाच येते.

मग आत जाऊन उभी राहिले. टाइम आउट (छेद घेण्याआधी सगळ्यांनी थांबून यादी वाचायची) सुरू झाला तेव्हा सर्जन ड्रेप (निर्जंतुक आच्छादन) लावत होते, भूलतज्ज्ञ सिरिंज भरत होते, रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) लाइट फिरवत होता. सर्क्युलेटिंग सिस्टरने कागदाकडे बघत विचारलं, “अँटिबायोटिक दिलं?” कुणीच काही बोललं नाही. तिने टिक मारली आणि पुढचा प्रश्न वाचला. अँटिबायोटिक दिलेलं होतंही, पण ते त्या उत्तरातून कुणाला कळलं नाही, कारण उत्तर आलंच नव्हतं. पलीकडच्या टेबलावर तर छेद घेण्याआधीच साइन आउटची, म्हणजे अगदी शेवटच्या थांब्याची, सही तयार होती.

जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी २००८ची. १९ मुद्दे, तीन थांबे: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी, रुग्णाला ओटीबाहेर नेण्याआधी. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ वर. हे निष्कर्ष २००९ साली छापून आले. आमच्याकडे प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये ते असतात. त्याच्या शेजारी २०१४चा कॅनडाचा अभ्यास मात्र कुणी लावत नाही. ऑन्टॅरिओ प्रांतात ही यादी सक्तीची झाली, १०१ हॉस्पिटलांचे आकडे आधीचे-नंतरचे तपासले, आणि मृत्यूदरात लक्षणीय म्हणावा असा फरक निघाला नाही. यादी आम्ही पाळतो, असं हॉस्पिटलांनी स्वतःच कळवलेलं होतं. उद्याच्या बैठकीत दोन्ही अभ्यास एका पानावर ठेवणार आहे. कागद तोच, मग फरक कुठे पडला, हे आमच्याच ओटीत उभं राहून बघा म्हणावं.

१५ जानेवारी

बैठक झाली. वरिष्ठ सर्जननी पाच मिनिटं वाचून झाल्यावर एवढंच विचारलं, “म्हणजे मी हात थांबवायचा?” हो. वाचन सुरू झाल्यावर कुणाच्याही हातात काही नसेल. उत्तर ज्याचं त्याने मोठ्याने द्यायचं. उत्तर नाही आलं तर सिस्टर पुढे जाणार नाही. ऑडिटमध्ये इथून पुढे टिका मोजायच्या नाहीत, माणसं थांबली का ते बघायचं. फॉर्म होता तसाच राहू दिला, नवा कागद काढलेला नाही.

२२ जानेवारी

‘हाय रिलायबिलिटी’वर (धोक्याचं काम असूनही अपघात टाळण्याची शिस्त) माहिती द्या, अशी वरून मागणी. ही कल्पना हॉस्पिटलांची नव्हे. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी विमानवाहू जहाजं, हवाई वाहतूक नियंत्रण आणि अणुवीज केंद्रं यांचा अभ्यास केला. इतकं धोक्याचं काम रोज करून अपघात इतके कमी कसे, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे कार्ल वाइक आणि कॅथलीन सटक्लिफ या संघटनांच्या अभ्यासकांनी त्यातून पाच सूत्रं मांडली.

मेडिसिनचे एक सर म्हणाले, “आमचा पेशंट म्हणजे विमान नाही.” रास्त आहे. बिघडलेलं विमान उडवत नाहीत. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण बिघाड घेऊनच येतो. त्यामुळे पाचही सूत्रं भिंतीवर लावायच्या फंदात पडले नाही. दोन उचलली. एक, सगळं सुरळीत चाललेलं असतानाही कुठे फसेल याचा विचार चालू ठेवणं. दोन, त्या घडीला ज्याला सगळ्यात जास्त माहीत आहे त्याचा शब्द मानणं, मग त्याचं पद काहीही असो. दुसरं ऐकताना खोलीत थोडी चुळबुळ झाली.

३ फेब्रुवारी

मेडिकल वॉर्डाचं औषधांचं कपाट उघडून बसले. वरच्या कप्प्यात डिस्टिल्ड वॉटरचे १० मिलीचे अँप्यूल (इंजेक्शनच्या छोट्या कुप्या), त्याला लागूनच पोटॅशियम क्लोराइडचे, तेही १० मिलीचे. दोन्ही पारदर्शक, दोन्हींवर बारीक अक्षरं. पाणी पावडर विरघळवायला लागतं म्हणून ते न बघता उचलायची हाताला सवय. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता सरळ शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. त्यावर कपाटाच्या दारावर लाल कागद: ‘काळजीपूर्वक वापरा’.

पहाटे चार वाजता, अर्ध्या उजेडात, तिसरा बेड हाका मारतोय अशा वेळी काळजीचा कागद कोण वाचतं? अँप्यूलच वॉर्डातून बाहेर काढायचे. फार्मसीतून पातळ केलेली तयार बॅग येईल. आयसीयूत मोजके राहतील, वेगळ्या कुलूपबंद खणात, दोघांच्या सहीने. जगभर बऱ्याच हॉस्पिटलांनी हेच केलेलं आहे, यात आमची काही अक्कल नाही.

अपेक्षित हरकत आली: “रात्री पोटॅशियम खाली गेलं तर आम्ही फार्मसीची वाट बघत बसायचं का?” हरकत खरी आहे. तिला उत्तर न देता अँप्यूल उचलले तर लोक खिशात साठा ठेवतील. वॉर्डात तयार बॅगांचा ठरलेला साठा राहील आणि रात्रीचा फार्मासिस्ट सकाळी जाताना तो भरून ठेवील, असं ठरलं. फार्मसीप्रमुखांनी आढेवेढे न घेता मान्य केलं, हे इथे मुद्दाम लिहिते.

२३ फेब्रुवारी

सकाळचा हडल (सगळ्या विभागांची छोटी बैठक) सुरू होऊन आठवडा झाला. सव्वाआठ, उभ्यानेच, दहा मिनिटं. रात्रपाळीची सिस्टर घरी जायच्या आधी आणि राउंड सुरू व्हायच्या आधी. इनचार्ज, रेसिडेंट, फार्मसी, बायोमेडिकल, हाउसकीपिंग.

आठवडाभर एकच उत्तर: “सगळं ठीक.” ‘काही प्रॉब्लेम आहे का’ असं अधिकाऱ्याने विचारलं की माणूस नाही म्हणतो, कारण प्रॉब्लेम सांगणाराच प्रॉब्लेम ठरतो. आजपासून प्रश्न बदलला: “रात्री कुठे जुगाड करावा लागला?” जुगाड सांगायला कुणाला लाज वाटत नाही, उलट जरा कौतुकानेच सांगतात. दहा मिनिटांत कळलं की एका इन्फ्युजन पंपाची बॅटरी टिकत नाही म्हणून तो फक्त खिडकीकडच्या बेडला लावतात. रिस्टबँडचा प्रिंटर रात्री अडतो म्हणून नाव पेनाने लिहून चिकटपट्टी लावतात. सक्शनची नळी शेजारच्या वॉर्डातून उसनी आणलेली आहे.

फळ्यावर तीन रकाने: काय, कोण, कधीपर्यंत. रोजच्या हडलची सुरुवात कालच्या रकान्यापासून. झालं नसेल तर झालं नाही असं सांगायचं. पंपाचं आज सांगितलं आणि पंधरा दिवस काहीच हललं नाही, तर सोळाव्या दिवशी ती सिस्टर गप्प बसेल, आणि तिचं बरोबरच असेल.

११ मार्च

आज जे झालं ते सविस्तर.

एकाच आडनावाचे दोन रुग्ण, शेजारशेजारचे बेड. दोघांचंही क्रॉसमॅचसाठी (चढवायचं रक्त जुळतं का ते तपासायला) रक्त घेतलं. जांभळ्या टोपणाच्या दोन ट्यूब ट्रेमध्ये, लेबलं नर्सिंग स्टेशनवर छापलेली, तिथेच चिकटवली. ट्रे रक्तपेढीत न्यायला मावशी आल्या. त्यांनी ट्यूबवरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, “सिस्टर, ही ट्यूब त्या आजोबांची का? त्यांच्या हातावर तर आत्ता पट्टी लावताना त्यांची ट्यूब बघितली, ती दुसरी, अर्धीच भरलेली.” लेबलांची अदलाबदल झाली होती. दोन्ही ट्यूब टाकून दिल्या, नमुने पुन्हा घेतले. रुग्णांना काहीही झालं नाही. चुकीच्या गटाचं रक्त चढलं असतं तर काय, ते इथे लिहायची गरज नाही.

बातमी वर पोचली आणि पहिला प्रश्न आला: “ड्यूटीला कोण होतं?” नाव सांगण्यात अडचण काहीच नव्हती, त्या सिस्टरने चूक नोंदवायचा फॉर्म स्वतःच भरला होता. मी वेगळा प्रश्न ठेवला: लेबलं स्टेशनवर का चिकटवतात? कारण प्रिंटर तिथे आहे. दोन रुग्णांची एकदम का? कारण प्रिंटर हळू आहे, एकदम काढली की फेरी वाचते. हे फक्त तीच करते का? दोन्ही वॉर्डांत विचारलं. सगळ्याच करतात, गेली कित्येक वर्षं. मग एका नावाला मेमो देऊन उरलेल्यांचं काय?

हातून निसटलेली चूक, सोयीसाठी पडलेला शॉर्टकट आणि जाणूनबुजून केलेला बेदरकारपणा या तीन गोष्टींना तीन वेगवेगळी उत्तरं लागतात. पहिल्यात माणसाला धीर द्यायचा आणि व्यवस्था सुधारायची. दुसऱ्यात शॉर्टकट का परवडतो ते शोधायचं आणि समजावून तो मोडायचा. शिस्तभंगाची कारवाई फक्त तिसऱ्याला. आजचं प्रकरण सरळ दुसऱ्या प्रकारातलं.

निर्णय: लेबल बेडपाशीच, रुग्णाने स्वतःचं नाव सांगितल्यावर आणि रिस्टबँडशी ताडून. “तुम्ही अमुकच ना?” असं विचारायचं नाही, झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. एका वेळी एकाच रुग्णाची लेबलं. छोटा प्रिंटर रक्त घेण्याच्या ट्रॉलीवर बसवणार, खरेदीचा कागद आजच पाठवला.

१२ मार्च

हडलला मेडिकल सुपरिटेंडेंट सर स्वतः आले आणि मावशींचे नाव घेऊन आभार मानले. ती सिस्टरही तिथेच होती. तिने फॉर्म भरला म्हणून तिचेही. मावशी म्हणाल्या, “मला वाटलं रागावतील, मध्येच बोलले म्हणून.” हे वाक्य मी संचालकांच्या अहवालात जसंच्या तसं घालणार आहे.

२६ मार्च

नियर मिसचे (रुग्णापर्यंत पोचायच्या आत पकडलेल्या चुकांचे) फॉर्म वाढले, आणि व्यवस्थापन घाबरलं. “प्रकल्प सुरू झाल्यापासून चुका वाढल्या का?” असा फोन.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांचा १९९६ सालचा अभ्यास कामी आला. चांगल्या टीमच्या हातून औषधांच्या चुका कमी होतील, असं धरून त्या निघाल्या होत्या. आकडे उलटे निघाले. ज्या युनिटमध्ये नेतृत्व आणि आपसातले संबंध चांगले, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. तिथे लोक चुकांबद्दल उघड बोलत होते, म्हणून त्या दिसत होत्या. हे समजावून सांगितल्यावर फोनवरचा आवाज खाली आला, पण पुरता पटलेला नाही.

फॉर्म कुठे जातात, हा प्रश्नही आज निकालात काढला. एचआरकडे जाणार नाहीत. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका ज्या योजनेत कळवतात, ती नासा चालवते, परवाना देणारं खातं नव्हे. ज्याच्या हातात शिक्षा आहे त्याच्याकडे मन मोकळं कोण करणार?

१६ एप्रिल

हातांची स्वच्छता. निरीक्षक वही घेऊन उभा असला की सगळे हात चोळतात, तो वळला की नाही. निरीक्षणाचे आकडे सोडून वॉर्डनिहाय सॅनिटायझर किती संपलं ते मोजायला घेतलं. तेही काटेकोर माप नाही, पण रात्रीचं काहीतरी कळतं.

रुग्णाला हात लावून झाल्यावर लोक हात चोळतात, लावण्याआधी विसरतात. नंतरचं स्वतःसाठी असतं, आधीचं रुग्णासाठी. बाटल्या दारामागच्या भिंतीवर होत्या, दार उघडं राहिलं की त्या झाकल्या जात. आता प्रत्येक बेडच्या पायथ्याशी. पूर्ण चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. बाटलीपर्यंत जाण्यातच तेवढे गेले तर कुणी करणार नाही.

१९ मे

आयसीयूतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी, कॅथेटर). अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कामाचा आधार घेतला. शंभराहून जास्त आयसीयूंनी पाच गोष्टी नेमाने केल्या: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडीनने त्वचा साफ करणं, शक्यतो मांडीतली शीर टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. दर १,००० कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) रक्तातल्या जंतुसंसर्गाचा मध्यक २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. निष्कर्ष २००६ साली आले आणि पुढे तीन वर्षांपर्यंत सुधारणा टिकल्याचं दिसलं. या पाचात नवीन एकही गोष्ट नाही. सगळं सामान एका ट्रॉलीवर ठेवलं आणि पायरी चुकली तर थांबवायचा अधिकार नर्सला दिला, जोर त्यात आहे.

ट्रॉली आम्ही महिन्यापूर्वीच केली. अधिकार कागदावर होता. काल रात्री दोन वाजता तो वापरला गेला. रेसिडेंटने छोटा ड्रेप घेतला, सिस्टर म्हणाली, “सर, मोठा घ्या, मी उघडून देते.” तो म्हणाला वेळ नाही. बीपी बघता लाइन अर्ध्या मिनिटाने लांबल्याने बिघडणार नव्हतं. ती पुन्हा म्हणाली. त्याने वैतागून आयसीयूप्रमुखांना फोन लावला, तक्रारीसाठी. त्यांनी झोपेतून उठून एवढंच सांगितलं: “सिस्टर थांब म्हणाल्या ना? मग थांब.” आणि फोन ठेवला.

प्रशिक्षणाची अख्खी सत्रं एका पारड्यात टाकली तरी या फोनची बरोबरी व्हायची नाही. सकाळपर्यंत हा किस्सा कॅन्टीनमध्ये पोचला होता. प्रमुखांनी “आजच्या दिवस चालवून घ्या” म्हटलं असतं तर तोही तितक्याच वेगाने पोचला असता.

२ जुलै

रेसिडेंटची बॅच बदलली. सकाळी ओटीत टाइम आउटला नव्या मुलाने ग्लव्ह्ज चढवायचे थांबवले नाहीत; वरिष्ठ सर्जनच म्हणाले, “हात खाली.” मी कोपऱ्यात होते, काही बोलावं लागलं नाही.

संध्याकाळचा हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणं) मात्र वाईट. “अठरा नंबर, न्यूमोनिया, स्टेबल. काही विशेष नाही.” हे ‘काही विशेष नाही’ रात्री फार महागात पडतं. आयपास ही हँडओव्हरची ठराविक पद्धत नऊ हॉस्पिटलांतल्या रेसिडेंटना शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी घटल्याचं २०१४ साली छापून आलं. आम्ही तिच्यातल्या दोन गोष्टींवर भर देणार: ‘असं झालं तर काय करायचं’ हे जाणाऱ्याने सांगायचं, आणि येणाऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. परत सांगताना निम्म्या गोष्टी गळतात, आणि त्या तिथल्या तिथे सापडतात.

२४ जुलै

हडल फुगलाय. पंचवीस मिनिटं, खुर्च्या आल्या, मागच्या रविवारच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं गेलं. रात्रपाळीच्या सिस्टर बसची वेळ बघत होत्या. खुर्च्या बाहेर काढल्या. फळ्यावर दोन ओळी महिनाभर तशाच आहेत, दोन्ही खरेदीच्या. खरेदीप्रमुखांना हडलला बोलावलंय, कारण विचारायला नव्हे, पंपाची बॅटरी हातात द्यायला.

१७ सप्टेंबर

जागतिक रुग्णसुरक्षा दिन. बॅनर लागला, फोटो झाले. मी तेवढ्या वेळात ट्रॉलीवरचा प्रिंटर दुरुस्त करून घेतला.

९ ऑक्टोबर

गेले काही आठवडे मी हडलला जात नाही. मुद्दामच. इनचार्ज चालवतात, त्या रजेवर असतील तर जी सिनियर असेल ती.

रात्री वॉर्डात गेले तेव्हा एक नवी सिस्टर बेडपाशी उभी राहून लेबल चिकटवत होती. रुजू होऊन थोडेच दिवस झालेले, आमच्या एकाही सत्राला नव्हती, मार्चमधल्या घटनेबद्दल तिला काही ठाऊक नव्हतं. इथेच का चिकटवता, असं विचारलं तर माझ्याकडे जरा विचित्र बघून म्हणाली, “मग कुठे चिकटवायचं?”

पलीकडे आयसीयूत एका मॉनिटरचा अलार्म म्यूट केलेला सापडला. दिवसभर खोटाच वाजतो म्हणून. मर्यादा रुग्णागणिक बसवायच्या असतात, त्या कारखान्यातून आल्या तशाच आहेत. हे वेगळं मोठं काम आहे, पुढच्या वर्षात धरलं.

२६ नोव्हेंबर

मेडिकल वॉर्डाच्या क्रॅश कार्टमध्ये (तातडीच्या उपचारांच्या ट्रॉलीत) पोटॅशियम क्लोराइडचे दोन अँप्यूल सापडले. रात्रीच्या सिस्टरने हडलला स्वतःच सांगितलं, मोजणी करताना दिसले म्हणून. माग काढला. प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच्या वॉर्डातून बदली होऊन आलेल्या रुग्णाच्या सामानाच्या पिशवीतून ते आले होते. तिकडच्या कपाटात अजून पाण्याशेजारीच ठेवलेले असतात.

हद्द लहान ठेवली हे बरोबरच होतं, पण औषधांना हद्द कळत नाही. फार्मसीप्रमुखांशी दुपारी बोलले. १ डिसेंबरपासून सगळ्या वॉर्डांचा या अँप्यूलचा इंडेंट (फार्मसीकडची मागणी) बंद, फक्त तयार बॅगा. सर्जिकल वॉर्डाच्या इनचार्जची रात्रीच्या साठ्याबद्दल तीच फेब्रुवारीतली हरकत आहे. उद्या साडेनऊला त्यांच्याकडे जायचं, सोबत मेडिकल वॉर्डाच्या रात्रीच्या सिस्टरला न्यायचं. माझ्यापेक्षा तिचं बोलणं त्यांना पटेल. तिची पाळी आठला संपते, त्यामुळे वेळ साडेआठ करून घ्यावी लागेल.